नेसरीचं पोतं

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. साल चुकायचं कारण नाही, कारण सानेगुरुजी वसाहतीतल्या त्या इमारतीला त्याच दिवाळीच्या तोंडावर रंग दिला होता, आणि रंगाऱ्यांनी बायडाबाईंच्या खोलीची खिडकी रंगासकट अशी बसवून टाकली होती की ती पुढं शिमग्यापर्यंत उघडली नाही.

बायडाबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे गेलेले, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पण भाजीच्या बाबतीत त्या जिन्यावर त्यांचा शब्द शेवटचा होता. कुणाच्या फ्रीजमध्ये चार दिवस पडलेली गवार असो, कुणी बाजारातून आणलेला दोडका असो, बायका ताट घेऊन वर यायच्या.

"आजी, बघा की, ठेवू का टाकू?"

बायडाबाई शेंग कानाशी नेऊन मोडायच्या. कट् म्हणाली तर ताजी. गप्प राहून वाकली तर संपली. वांगं अंगठ्यानं दाबायच्या. खड्डा भरून आला तर ठीक, राहिला तर आत बी काळं. भेंडीचं टोक मोडायच्या. कोथिंबिरीची जुडी सोडून मधल्या काड्या हुंगायच्या, कारण जुडीला वरून काही कळत नाही, सडते ती पोटात. "भाजी आधी देठात मरते, मग पानात," असं त्यांची सासू म्हणायची, आणि बायडाबाई ते आपलंच असल्यासारखं सांगायच्या.

त्यांच्या स्वतःच्या घरात भाजी बाजारातून येत नव्हती. ती यायची नेसरीहून, दर सोमवारी, एक पोतं. चाळीस वर्षांहून अधिक काळ.

त्याचं असं होतं. बायडाबाईंचे मालक गणपतराव शाळेत कारकून म्हणून कोल्हापुरात आले, तेव्हा थोरल्या आणि धाकट्या भावानं विहिरीच्या काठावर बसून ठरवलं होतं: जमीन फोडायची नाही. धाकटे हंबीरराव कसतील, आणि थोरल्याच्या घरी मळ्यातली भाजी जाईल. ना कागद, ना साक्षीदार. गणपतराव जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी पोतं चुकलं नव्हतं. "पोतं येतंय तवर आपला पाय तिथं हाय," असं ते म्हणायचे. बायडाबाईंना जमिनीचा सोस नव्हता. पण त्या घरात त्या सोळाव्या वर्षी थोरली सून म्हणून गेल्या होत्या, आणि आता तिथं जाणं वर्षा-दोन वर्षांतून एकदा. सोमवारचं पोतं उघडलं, मेथीच्या मुळाची तांबडी माती बोटाला लागली, की त्यांना वाटायचं, अजून आपल्याला तिथं कुणी ओळखतं.

तर दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी पोतं आलंच नाही. ते आलं मंगळवारी संध्याकाळी. नेसरीचा आकाराम आपल्या टेम्पोतून काजू आणि गूळ घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात यायचा, तोच पोतं आणायचा.

"काकू, उत्तूरच्या फुडं टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला बगा," तो फाटकातूनच म्हणाला. "रात्रभर तिथंच पडलोतो. राग धरू नगासा."

पोतं उघडलं तर आत शेक निघाला. मेथी काळी, शेपूचा चिखल, कोथिंबिरीला हात लावला तर बोटाला पाणी. वांगी आणि घेवडा तेवढा वाचला. शेजारीच बायडाबाईंची सून क्रांती उभी होती. शाळेत शिकवणारी, बोलायला सरळ.

"आई, हे सगळं टाकायचंच आहे. कशाला काकींना तरी दर आठवड्याला त्रास? मोबाईलवर मागवलं की सकाळी दारात येते भाजी, निवडून, पाकिटात. बंदच करायला सांगा आता पोतं."

ती हे सहज बोलली आणि चहा ठेवायला गेली. पण बायडाबाईंच्या मनात ते बोलणं रुतून बसलं. *हिला पोतं नको झालंय.* रोज निवडायचं काम, मोरीत माती, ओट्यावर देठं. आणि एकदा ह्या घरातूनच 'नको' गेलं, की तिकडून कशाला येतंय?

पुढच्या सोमवारी पोतं वेळेवर आलं. आठच्या ठोक्याला. मेथी हिरवीगार, वांग्यांवर तकाकी. एरवी क्रांती ते सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पसरायची आणि उरलेलं फ्रीजमध्ये टाकायची. त्या दिवशी बायडाबाईंनी तिला हात लावू दिला नाही.

"मी बघतो भाजीचं. तू जा शाळंला."

मी बघतो, मी जातो, असंच बोलायच्या त्या, कोल्हापुरातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्या बायका बोलतात तसं. त्यांनी पोतं आपल्या खोलीत ओढून नेलं. कॉटखाली गणपतरावांची लोखंडी पेटी होती, कडी-कुलपाची. पोत्याबरोबर हंबीररावांच्या मळ्यातल्या कच्च्या केळ्यांची एक फणी नेहमी यायची. विजयसिंहला, म्हणजे बायडाबाईंच्या लेकाला, लहानपणापासून ती केळी आवडायची. थंडीच्या दिवसांत ती लवकर पिकत नाहीत म्हणून बायडाबाई ती त्या पेटीत भाताच्या पेंढ्यात घालून वर गोणपाट टाकायच्या. आता पेटीच्या एका अंगाला केळी राहिली, दुसऱ्या अंगाला ओल्या फडक्यात भाजी. वर कुलूप. किल्ली कमरेला. रोज लागेल तेवढी भाजी त्या स्वतः काढून देणार, म्हणजे कुणी टाकली आणि वर "खराब होती" म्हणालं, असं व्हायला नको.

बुधवारी सकाळी पेटी उघडली, आणि त्या कॉटवर बसून राहिल्या. मेथी पिवळी पडली होती. जुडी उचलली तर पानं भुरभुर खाली, हातात नुसत्या काड्या. एक वांगं उचललं, तर देठ वरची टोपी घेऊन बोटांत राहिला आणि वांगं पेटीत परत पडलं.

कुलूप शाबूत होतं. म्हणजे क्रांती नव्हे.

दुपारभर त्या विचार करत बसल्या. ताजी मेथी दोन दिवसांत पिवळी पडते कधी? चार दिवसांपूर्वी उपटलेली असते तेव्हा. आपल्या मळ्यातली रविवारी उपटलेली मेथी शुक्रवारपर्यंत तोंड वर करून राहायची. मग ही मळ्यातली नव्हेच. वाटेत आकारामनं बदलली असेल? बाजारातली उरलीसुरली ह्या पोत्यात, आणि मळ्यातली लक्ष्मीपुरीत? त्यांना त्याचं "पाटा तुटला बगा" आठवलं. इतक्या वर्षांत कधी तुटला नाही, तो आताच बरा तुटला.

तिसऱ्या सोमवारी त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या. आकाराम आला तसं त्यांनी पोत्याचं तोंड बघितलं. शिवण धाकट्या जावेच्या, अंबूबाईंच्या हातची होती. ती तिरकी, उलट्या टाक्याची शिवण त्या डोळे मिटून ओळखत.

"काय काकू, आज बाहीर?"

"उन्हाला बसलोय. वाटंत कुठं थांबलातास?"

"चहाला थांबलो की. का?"

"पोतं कुणापाशी हुतं तवा?"

आकाराम हसायला लागला. "पोतं टेम्पोत हुतं, काकू. त्येला चहा चालत न्हाय."

शिवण मोडलेली नव्हती. म्हणजे आकारामही नव्हे. पोतं खोलीत उघडल्यावर मात्र बायडाबाईंनी चष्मा लावून एकेक जुडी पाहिली. जुड्या केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधलेल्या नव्हत्या. प्लॅस्टिकची सुतळी होती, खताच्या गोणीची उसवलेली. आणि मुळं धुतलेली. तांबड्या मातीचा कण नाही. बाजारातली भाजीच अशी असते, धुतलेली, सुतळीनं बांधलेली. गेल्या आठवड्यातही अशीच असणार. तेव्हा आपण बघितलं नाही.

राहिली कोण? अंबूबाई.

त्यांनी जावेला फोन लावला.

"अंबू, मळ्यात मेथी हाय न्हवं?"

"हाय की अक्का. का, पुरली न्हाय?"

"पुरली. नुसतं इचारलं. भाऊजी कुठं हायत?"

"तलाठ्याकडं गेल्यात सकाळधरनं."

"तलाठ्याकडं? कशाला?"

"मला काय सांगून जात्यात व्हय ते? असंल काय तर कागदाचं." अंबूबाई हसल्या. "का, तुमास्नी काय काम हुतं?"

"न्हाय," म्हणून बायडाबाईंनी फोन ठेवला. ते हसणं त्यांना नेहमीचं वाटलं नाही. तलाठी, कागद, बाजारातली भाजी. हळूहळू सगळं जुळायला लागलं. मळा दुसऱ्याला दिला असणार, नाहीतर विकायला काढला असणार. आणि थोरलीला कळू नये म्हणून बाजारातलं काहीतरी पोत्यात भरून पाठवायचं. सडकं पाठवत राहायचं, म्हणजे म्हातारी कंटाळून आपणच म्हणेल, नको. म्हणजे ह्यांनी तोडलं असं व्हायचं नाही, आपण तोडलं असं होईल.

बुधवारी पेटी उघडताना त्यांना आत काय असणार ते ठाऊक होतं, आणि तसंच होतं. पिवळी मेथी, टोपी सुटलेली वांगी. ह्या खेपेला दोडकाही मऊ. त्यांनी थोडी मेथी आणि दोन वांगी एका पिशवीत घालून गाठ मारून ठेवली. पुरावा म्हणून.

त्या संध्याकाळी विजयसिंह कारखान्यातून आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. शिवण, सुतळी, मुळं, तलाठी. विजयसिंह शिरोलीला सुपरवायझर होता. रोज लोकांच्या कामात खोट शोधायची त्याला सवय. तो ऐकता ऐकता लाल झाला.

"आई, मी लहानपणापासून ऐकतोय, जमीन एक, घर एक. कागद काय आहे आपल्याकडं? काही नाही. उद्या काका म्हणाले, तुमचं इथं काय आहे, तर?" त्यानं ताट सरकवलं. "रविवारी जातो. सरळ वाटणी मागतो."

बायडाबाईंना वाटायला हवं होतं, बरं झालं. पण तसं वाटलं नाही. वाटणी म्हणजे मोजणी, खुंट, बांध. गणपतरावांनी जन्मभर जे होऊ दिलं नाही ते त्यांच्या माघारी, आणि आपल्या तोंडून निघालेल्या शब्दावर. खरंच असेल तर होऊ दे. पण आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. न सांगता मळ्यात जाऊन उभं राहावं.

शुक्रवारी भल्या सकाळी, क्रांतीला "डॉक्टरकडं जातो" सांगून, पिशवीतली ती पुडी घेऊन बायडाबाई एकट्या एसटीत बसल्या. गुडघे धरून धरून नेसरीला उतरल्या तेव्हा दहा वाजायला आले होते. घराकडं न जाता त्या सरळ मळ्याच्या वाटेला लागल्या. घरी गेलं असतं तर सावध झाले असते.

मळा होता. तसाच होता. पाटाच्या कडेला केळी, विहिरीवर मोटर, वांग्यांच्या सऱ्या, आणि मेथीच्या वाफ्यात पाठमोरी बसलेली अंबूबाई. गुडघ्यांत जमत नव्हतं म्हणून ती चक्क मातीत फतकल मारून बसली होती आणि बसल्या बसल्या पुढं सरकत मेथी उपटत होती. शेजारी पाण्याची बादली. एकेक जुडी बादलीत बुडवून खळबळायची, झटकायची, बांधायची. बायडाबाई बांधावर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या.

अंबूबाईंनी मान वळवली. दचकल्या नाहीत. थोरल्या जावेला नखशिखांत न्याहाळून त्या म्हणाल्या,

"या की पावणं! वाट चुकलासा व्हय?"

चाळीस-पन्नास वर्षं अक्का म्हणणारी जाऊ पावणं म्हणाली, आणि बायडाबाईंना चापट बसल्यासारखं झालं.

"पावणं कुणाला म्हंतीस गं?"

"मग काय म्हणू? घर सोडून बांधावर उभं राहून बघतोय त्येला पावणंच म्हंत्यात. नायतर चोर म्हंत्यात." अंबूबाईंनी हात पदराला पुसले. "बसा. बघायला आलासा न्हवं? परवा फोनवर मेथी इचारलीसा तवाच कळलं मला."

बायडाबाई बसल्या. खोटं बोलायची त्यांची तयारी होती, पण समोर बादली होती आणि मातीत बसलेली ही बाई होती.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बघायला आलतो."

"काय दिसलं?"

"सोपट का बांधत न्हाईस?"

अंबूबाईंनी दोन्ही हात पुढं केले. बोटांची पेरं सुजलेली, दोन बोटं एका अंगाला वळलेली. "सोपटाची गाठ बसत न्हाय आता. सुतळीला नुसता पीळ मारला की भागतंय."

"आन् मुळं कशापायी धुतीस? माती ठेवली तर टिकती भाजी, म्हाईत न्हाय तुला?"

"तुमच्याच सुनंला इचारा. तिनंच फोन केलता दिवाळीत. काकी, मोरी तुंबती म्हणाली, मातीनं. तवापास्नं सगळीच दोन पाण्यानं धुतो मी, बाजारची बी. पाठ मोडती माझी."

एकदम, शेवटचा पत्ता टाकावा तसं, बायडाबाईंनी पिशवीतली पुडी काढून वाफ्यावर मोकळी केली. "मग हे काय हाय? सोमवारी आलं, बुधवारी असं झालं. दोन आठवडे झाले. कुजलेलं पाठवतीस मला?"

अंबूबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी वांगं हातात घेतलं, सुटलेली टोपी पाहिली. अंगठ्यानं वांगं दाबलं. मेथीचं पिवळं पान बोटांत चुरडलं.

"अक्का, हे कुजलेलं न्हाय."

"मग?"

"कुजलं असतं तर चिकाट झालं असतं, घाण मारली असती. हे कोरडं हाय. हे पिकलंय." त्यांनी पिशवीच नाकाशी नेली. "आन् वास बघा की."

"बघितला. वासच न्हाय त्येला."

"न्हाय? केळाचा घमघमाट यालाय." अंबूबाईंनी डोळे बारीक केले. "कुठं ठेवतासा भाजी?"

"माझ्या खोलीत. पेटीत."

"आन् केळी?"

केळीही तिथंच होती, आणि पिकत्या फळाशेजारी ठेवलेली भाजीही पिकते. त्या केळ्यांच्या वासात बायडाबाई दिवाळीपासून झोपत होत्या, आणि खिडकी रंगानं बसलेली. त्यांच्या नाकाला तो वास खोलीचाच वास झाला होता.

अंबूबाई हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अढीत भाजी! थोरल्या सुनंनं अढीत भाजी ठेवली! अक्का, मी लगीन होऊन आलतो तवा काय झालतं आठवतंय? आंब्याच्या अढीच्या खोलीत मी शेपूची पाटी ठेवली, सावली हाय म्हणून. सकाळी सगळा शेपू पिवळा. सासूबाईनं मला दिसभर उपाशी ठेवलं. आन् त्यास्नी जाऊन कुणी सांगितलं हुतं?"

बायडाबाईंना आठवत होतं. चांगलंच आठवत होतं.

"तुमीच की!" अंबूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं हसणं एकदम थांबलं. "मी सतरा वर्साची हुतो. मला कुठं म्हाईत हुतं? तुमास्नी म्हाईत हुतं. तरी तुमी मला काय बोलला न्हाईसा, त्यास्नी जाऊन सांगितलंसा."

"आज कशाला ते, अंबू?"

"आज तुमीच काढलंसा."

बायडाबाई बांधावरून खाली उतरल्या, वाफ्यात शेजारी बसल्या आणि मेथी उपटायला लागल्या. माफी मागणं त्यांना कधी जमलं नव्हतं. दहा-बारा जुड्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी तलाठ्याकडं कशाला गेलते?"

"केळीची नोंद करायला, सातबाऱ्यावर. आता ते बी वास घेऊन बघायचं हाय काय?"

"न्हाय गं." मग हळूच, "भाऊजींना ह्यातलं काय सांगू नगंस."

"मी कशाला सांगतोय," अंबूबाई म्हणाल्या.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण संशयाला एकदा घरात जागा दिली की तो लगेच उठून जात नाही. बायडाबाई दुपारच्या एसटीनं पिशवीभर भाजी घेऊन परत आल्या, आणि त्यांनी लेकाला काहीच सांगितलं नाही. अंबू बोलली ते पटलं होतं, तरी एकदा बघावं. आणि खरं सांगायचं तर, सगळ्या जिन्याच्या भाजीचा निवाडा करणाऱ्या बाईला आपल्या कॉटखालची चूक एका दिवसात कबूल करवेना. त्यांनी अर्धी भाजी पेटीत केळ्यांशेजारी ठेवली, अर्धी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. रविवारी सकाळी काय दिसतं ते बघू, आणि मग विजयसिंहला सांगू. तो निघायच्या आधी सांगितलं म्हणजे झालं.

रविवारी सहा वाजता त्यांनी पेटी उघडली. मेथी पिवळी पडायला लागली होती. स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीखालची मेथी कालच्यासारखीच तरतरीत होती.

विजयसिंह बूट घालत होता. त्या त्याच्यासमोर दोन्ही जुड्या घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊ नगंस. चूक माझी हाय." आणि सगळं सांगितलं. पेटी, केळी, अंबू, मळा. क्रांती दारात येऊन ऐकत होती. ती हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही कुलूप माझ्यामुळं लावलं होतं ना?" बायडाबाईंनी मान खाली घातली.

विजयसिंह बूट काढेना. तो तसाच बसून राहिला.

"आई, मी काल दुपारी कारखान्यातून काकांना फोन केलाय," तो म्हणाला. "म्हटलं उद्या येतोय, वाटणीचं बोलायला. भाजीचंही बोललो. आम्हाला सडकं घालता म्हणालो. तू परवाच का नाही सांगितलंस?"

बायडाबाईंनी त्याच्याच फोनवरून हंबीररावांना लावला.

"भाऊजी, माझी चूक झाली," दिराला त्या आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाल्या.

"तुमची कशी असंल, वैनी," हंबीरराव म्हणाले. आवाज शांत होता. "पोरगं बोललं, खरं पोराच्या तोंडी शब्द कुणाचा हुता ते मला कळतंय. येऊ द्या त्याला. एकदा मनात आलं म्हंजे कागद झालेला बरा. दादा असता तर गोष्ट येगळी."

विजयसिंह गेला, पण वाटणी मागायला नव्हे, पाया पडायला. हंबीररावांनी त्याला जेवू घातलं, आणि जेवण झाल्यावर मोजणीवाल्याची तारीख सांगितली.

वाटणी पुढच्या मे महिन्यात झाली, दोन हजार तेवीसच्या. खुंट रोवताना हंबीररावांनी विहिरीकडची बाजू थोरल्या घराला दिली आणि स्वतः माळाकडची घेतली. कुणी सांगितलं तरी ऐकलं नाही. त्यानंतर ते बायडाबाईंशी फार आदरानं बोलत, आणि पूर्वीसारखी थट्टा एकदाही केली नाही. ते दीड वर्षानं गेले, झोपेतच.

आकारामनं टेम्पो विकला. उत्तूरला त्याचं गॅरेज आहे, लेक चालवतो. विजयसिंह महिन्यातून दोनदा आपल्या वाट्यावर जातो. पहिल्या वर्षी त्यानं काजू लावले, त्यातले निम्मे वाळले, मग चुलत भावाला विचारून पुन्हा लावले. क्रांती हेडमास्तर झाली. मोबाईलवरून भाजी मागवते, पण सोमवारी नाही. सोमवारी तिच्याकडं अजून पोतं येतं, आता एसटीनं, आणि मुळांना मातीही असते. तिनंच फोन करून सांगितलं, धुऊ नका म्हणून.

अंबूबाईंची बोटं आता मुठीत वळत नाहीत. हंबीरराव गेल्यावर बायडाबाई दहाव्याला म्हणून नेसरीला गेल्या, त्या तिथंच राहिल्या. विजयसिंह दोनदा न्यायला आला, दोनदा एकटाच परत गेला. मेथी उपटायचं काम आता थोरली करते, सांगायचं काम धाकटी. दोघींची चूल एक आहे. भांडण रोज होतं, बहुतेक मिठावरून.